रिबावहिनी उखळात उतरते

समस्त येरुहामवासी, बीरशेबाच्या बसने येणारे पाहुणे आणि आमच्या नात्यातली तमाम तोंडाळ मंडळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या कुटुंबात एक महत्त्वाची जागा रिकामी झाली आहे. जागा स्वयंपाकघरातली आहे. काम असे : मी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना गोष्ट सांगत असताना, नेमक्या रंगात आलेल्या वाक्याला आतून "खोटं!" असे ओरडणे. उमेदवाराचे कान तीक्ष्ण असावेत, हाताला कांद्याचा वास असावा आणि ओरडताना कढईतला झारा थांबता कामा नये. वशिला चालणार नाही. खरे म्हणजे अर्जच करू नयेत. ही जागा भरायची नाही.

ऐकतेस ना, वहिनी?

तू गेलीस त्याला अजून महिना झालेला नाही. तुझं गाव कुठलं, तुला लेकरं किती, कारखान्यात तू किती वर्षं पॅकिंगला होतीस, हे सगळं कबरस्तानात सांगून झालं. सांगणाऱ्या भल्या माणसाने शेवटी डोळे पुसत म्हटलं, "अशी शांत, सोशिक बाई पुन्हा होणे नाही." शांत! सोशिक! अगो वहिनी, शपथेवर सांगतो, माझ्या तोंडात तो शब्द आला होता. तोंडावर रुमाल दाबला म्हणून बरं. लोकांना वाटलं दीर हुंदके देतोय. देतही होतो म्हणा. दोन्ही एकदम चाललं होतं.

दादाशी लग्न होऊन तू माझगावच्या आमच्या घरात आलीस तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. म्हणून 'अहो वहिनी' मला कधी जमलंच नाही. तू मला सोल्या म्हणायचीस. मला टक्कल पडलं, मला कारखान्यात स्टोअरकीपर केलं, माझ्या मुलीचं लग्न झालं, तरी भरल्या मांडवात तू "सोल्या, मेल्या, गप बस" म्हणायचीस. दादा गेल्यानंतर तर या देशात मला सोल्या म्हणणारं तुझ्याशिवाय कोणीच उरलं नव्हतं. बाकी सगळ्यांना मी श्लोमो.

तर गोष्ट सायकलची. तूच म्हणशील, किती वेळा सांगणार? आणखी एकदा. आज जरा वेगळी सांगणार आहे.

पाचसहा उन्हाळ्यांपूर्वी तुझा एकुलता एक बेन्नी तेल अविवहून आला तो बसच्या पोटातून एक सायकल बाहेर काढत. सायकल कसली, लोखंडी बकरा होता तो. ट्रॅक्टरला शोभतील असे जाड, खवलेदार टायर, आडवी शिंगं, आणि मागच्या चाकाला दात पडलेल्या चकत्यांची चळत. अमेरिकेहून आलेल्या दोस्ताकडून घेतलेली. डोंगर चढायची सायकल, असं त्याने तुला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तू तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातलीस. मुलगी बघायला आल्यासारखी.

"हिला घंटी नाय?"

"नाही, इमा." आईला तो हिब्रूत इमा म्हणायचा.

"क्यारियर नाय. मडगार्ड नाय. दिवा नाय. स्टँड पण नाय. मग हाय काय हिला?"

"गिअर आहेत, इमा. गिअर!"

"ते झाले दात. अंगावर दागिना एक नाय, नुसते दात."

पण दुसऱ्या दिवशी बेन्नी झोपलेला असताना तू त्या दातांना तेल घालताना मला दिसलीस. एकेका कडीला, काडीच्या टोकाने, जास्तीचं चिंधीने टिपून घेत. कोकणात आपल्या ज्यू लोकांना शनवार तेली म्हणायचे, शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद ठेवणारे तेली. तुझ्या बापाचा रेवदंड्याला घाणा होता. तेल कुठं पाहिजे नि किती पाहिजे, हे तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. तू मला पाहिलंस आणि म्हणालीस, "बघतोस काय? करकरत होती. मला आवाज सहन नाय होत."

मग तेल घालता घालता तू मला पहिल्यांदा सांगितलंस की तुला सायकल येते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! परकर खोचून, ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूवर, थोरल्या भावाच्या भाड्याच्या सायकलवर तू शिकलीस. "ब्रेक नव्हता," म्हणालीस. "पाण्याच्या दिशेला सोडायची नि लाट आली की वळायचं. लाट हाच ब्रेक." मग सासरी माझगावात तुला कोण सायकल देणार? आणि इथे आल्यावर पॅकिंगचं टेबल.

त्याच आठवड्यात गावातल्या शाळेच्या गिदोन मास्तरांनी कम्युनिटी सेंटरच्या भिंतीवर कागद लावला. गिदोन मास्तर म्हणजे ड्रिलचे मास्तर, पिंडऱ्या अशा की जणू पाव फुगलेत. कागदावर होतं : शुक्रवारी सकाळी सायकलींची सहल, मोठ्या मख्तेशात, सर्व वयांच्या नागरिकांनी यावे. आता येरुहाम न पाहिलेल्यांसाठी सांगतो. आमच्या गावाबाहेर थोडं गेलं की वाळवंटाची जमीन एकदम संपते आणि पायाखाली एक अजस्र खळगा उघडतो. इतका मोठा की ढगाची सावली त्याच्या एका कडेने आत शिरली तर पलीकडे पोचेपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो. तळाशी लाल, पिवळी, जांभळी, पांढरी वाळू. हिब्रूत त्याला मख्तेश म्हणतात. मख्तेश म्हणजे उखळ. सरळ घरातलं, मसाला कुटायचं उखळ. मी हे तुला समजावून सांगितलं तेव्हा तू हसलीस ती अशी की हातातली तेलाची चिंधी पडली.

"म्हणजे आपण इतकी वर्षं उखळाच्या काठाला राहतोय होय रे? तरीच म्हटलं, हा देश आपल्याला कुटतोय कशात!"

मी म्हटलं, "जायचं का बघायला?"

तू म्हणालीस, "बघायला काय जायचं? बसमधून बघितलंय. उतरायचं."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथून पुढे हिब्रू भाषा आडवी आली.

तुझी हिब्रू म्हणजे एक स्वतंत्र देश होता, वहिनी. त्याची सरहद्द फक्त तुला माहीत. गुरुवारी सकाळी तू मकोलेतमध्ये गेलीस, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात. केळी घेतलीस, खजूर घेतलेस, पाण्याचे दोन मोठे कॅन मागितलेस. शेजारची मोरोक्कोवाली झोहरा तुझ्या मागे उभी होती. तिने विचारलं, एवढी तयारी कशाची? आणि तू छाती पुढे काढून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलंस :

"अनी योरेदेत! उद्या. बेन्नीबरोबर."

तुझ्या मनात मराठी होती. 'मी उतरणार.' कुठे उतरणार, ते मराठीत ऐकणाऱ्याला कळतं आणि नाही कळलं तर तो विचारतो. पण या देशात कोणी नुसतं 'योरेदेत' म्हटलं, कुठे ते नाही सांगितलं, तर कोणी विचारत नाही. इथे येणं म्हणजे आलिया, म्हणजे चढणं. हा देश सोडून कायमचं जाणं म्हणजे येरिदा, म्हणजे उतरणं. 'योरेदेत' म्हणजे देश सोडून चाललेली बाई. तो शब्द त्या दिवसांत लोक आवाज खाली करून उच्चारायचे, घरातल्या वेड्या माणसाबद्दल बोलावं तसा.

दुकानदाराने हातातली पेन्सिल खाली ठेवली. झोहराने गालावर हात मारून घेतला. आणि तू केळ्यांची पिशवी सांभाळत, अगदी खुशीत, घरी आलीस.

दुपारपर्यंत येरुहाम हललं. मी कारखान्यात होतो. माझ्या खिडकीशी एक रुमानियाचा फिटर आला, स्क्रू मागायला, आणि स्क्रू न घेता नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "श्लोमो, मला वाईट वाटलं." मी म्हटलं, "कशाचं?" तो म्हणाला, "तुझी वहिनी. या वयात. आणि मुलाला घेऊन." मला वाटलं, गेलीस! सायकलवर बसलीस आणि गेलीस! मी चपला फटफटवत उन्हातून धावत आलो, आणि तुझ्या घरात पाहतो तर काय, लग्नघर. झोहरा तिळाच्या बिस्किटांचं ताट मांडीवर घेऊन मोठ्याने रडते आहे. सिनेगॉगची व्यवस्था बघणारे म्हातारबाबा खुर्चीत बसून तुला सांगताहेत की सियोनची माती सोडणाऱ्याला पुढे पस्तावावं लागतं. आणि वरच्या मजल्यावरची बाई, तोंड अगदी दुःखी करून, तुझ्या फ्रिजचं दार उघडून बंद करून बघते आहे.

आणि तू मधोमध उभी. तुला वाटत होतं, एका सायकलच्या सहलीसाठी हे लोक एवढे का रडतात?

"सोल्या, हिला सांग ना," तू मला बघितल्याबरोबर म्हणालीस. "म्हणते जाऊ नकोस. दुपारपर्यंत परत येणार हाय म्हटलं तर आणखीन रडते!"

मला उलगडा झाला. मी तोंड उघडणार, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रवेश होणार होता, तेवढ्यात दारातून बेन्नी आत आला. त्यालाही रस्त्यात कोणीतरी गाठलं होतं. चेहरा पांढरा. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ तुझ्यासमोर उभा राहिला आणि बोलला, अर्धं हिब्रूत, अर्धं मराठीत, जसा तो घाबरला की बोलायचा.

"इमा, तुला कोणी सांगितलं? मी रविवारी सांगणार होतो. शपथ. आणि माझ्याबरोबर तू कशी येणार? तिथे तुझं काम काय? तिथे बर्फ असतो, इमा! सहा महिने बर्फ!"

तू म्हणालीस, "कुठं बर्फ?"

तो म्हणाला, "कॅनडाला."

वहिनी, मी आयुष्यभर लोकांना हसवत आलो. गप्प बसलेल्या खोल्या मी पाहिलेल्या नाहीत, माझ्यासमोर खोली गप्प बसूच शकत नाही. पण त्या दिवशी बसली. ज्या झोहराला मराठीचा म कळत नव्हता तिचं रडंसुद्धा थांबलं. वरच्या बाईने फ्रिजचं दार हळूच लावून टाकलं. तेवढाच एक आवाज.

मग तू पाटावरून पदर आवरून उठावं तशी दोन्ही हातांनी फ्रॉक झटकलास. झोहराच्या मांडीवरचं ताट उचललंस, सगळ्यांना एकेक बिस्कीट दिलंस, म्हाताऱ्या बाबांना दोन. आणि मला म्हणालीस, "सांग सगळ्यांना. मी उखळात उतरणार हाय. सायकलवरनं. ज्याला बघायचं त्याने यावं." मी सांगितलं. कोणी हसलं नाही. माझ्या गोष्टीला न हसण्याची ती एकच वेळ.

बेन्नी म्हणाला, "इमा, उद्याचं राहू दे आता."

"का? म्हटलं ना उतरणार. मग उतरणार."

शुक्रवारी सकाळी तू आलीस ती कारखान्याची निळी पँट घालून! डोक्याला फडकं, पायात बेन्नीचे जुने बूट, पुढे कागद कोंबलेले. पँटमध्ये तुला मी पॅकिंगच्या टेबलाबाहेर कधी पाहिलं नव्हतं. मी शिट्टी वाजवली. तू म्हणालीस, "सोल्या, तुझा दादा असता तर त्याने तुला हाणला असता." मी म्हटलं, "दादा असता तर त्यानेच शिट्टी वाजवली असती." तू डोक्यावरचं फडकं घट्ट ओढलंस, पण खूश झालीस. मला दिसलं.

बेन्नीची डोंगरी सायकल तू घेतलीस, न विचारता. तिला तू रात्रीत घंटी बसवली होतीस. बेन्नीच्या वाट्याला शाळेतली एक गंजकी सायकल आली. बाकी जवान पोरं, दोन शिक्षिका, पुढे गिदोन मास्तर. मागे पाण्याची पिंपं घेऊन कारखान्याची व्हॅन, आणि व्हॅनच्या मागच्या उघड्या भागात, पिंपाला टेकून, महाराजासारखा मी. माझ्या शेजारी झोहरा. तिला सगळं समजावून सांगितलं होतं, तरी तिचा विश्वास नव्हता. ती म्हणत होती, मी डोळ्यांनी बघते ही परत येते की नाही.

कड्यावरून रस्ता नागमोडी खाली उतरतो. खाली पाहिलं की डोळे तिरळे होतात. गिदोन मास्तरांनी सगळ्यांना थांबवून भाषण दिलं : हळू उतरा, ब्रेक आलटून पालटून दाबा, वळणावर वाळू असते. सगळे मान डोलवत होते. तू त्या उखळाकडे बघत होतीस. मग मोठ्याने, त्या सगळ्या न कळणाऱ्या लोकांना उद्देशून म्हणालीस, "उखळात डोकं घातलं, आता मुसळाला काय भ्यायचं!" आणि घंटी वाजवून सुटलीस. गिदोन मास्तरांच्याही आधी.

इथे मी नेहमी सांगायचो की तू दोन्ही हात सोडून उतरलीस. खोटं. दोन्ही हात दांड्यावर घट्ट होते आणि पहिल्या वळणापर्यंत तू आपल्या प्रेषिताचं, एलियाहू हानाबीचं नाव घेत होतीस, व्हॅनपर्यंत ऐकू येत होतं. पण दुसऱ्या वळणावर ते थांबलं. तिसऱ्या वळणावर तू काहीतरी ओरडलीस, शब्द नव्हते त्यात. रेवदंड्याची पोर ओरडली ती. पाण्याच्या दिशेला सोडलेली, लाट अजून लांब असलेली. वळणावरच्या वाळूत दोन पोरं घसरून बसली. तू सायकल आडवी न करता, अंगच जरासं आडवं करून, ओल्या किनाऱ्यावर वळावं तशी वळलीस. झोहराने माझा दंड इतका दाबला की चार दिवस निळा होता. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी इतक्या वर्षांत एकदाही कुठल्या कार्यक्रमात सांगितलं नाही, कारण त्यात हसायला काहीच नव्हतं. मला वाटलं, ही माझी वहिनी आहे. बाकी काही नाही. एवढंच.

तळाशी रंगीत वाळू होती, एक काटेरी झाड होतं आणि त्याची चटईएवढी सावली होती. पोरं बाटल्यांत रंगांचे थर भरत होती. तू आणि बेन्नी त्या झाडाखाली बसलात. मी व्हॅनमधून बघत होतो. तू त्याला केळं सोलून दिलंस. बराच वेळ तो बोलत होता, तू वाळूत बोटाने काहीतरी काढत होतीस. मग तू बोललीस, थोडंच. मग त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

काय बोललीस, वहिनी? मी तुला किती वेळा विचारलं! मलिद्याच्या नवसाला विचारलं, ओनेगला, म्हणजे शब्बाथच्या गप्पांच्या बैठकीला विचारलं, एकदा तर इस्पितळात विचारलं, तू नळ्या लावून पडली असताना. तू म्हणालीस, "तुला सांगितलं म्हणजे झालं. बुधवारपर्यंत अराद गावाला पोचेल." बरोबर होतं तुझं. मी लोकांना तिथला संवाद रचून सांगायचो, माता-पुत्राचा, दर वेळी वेगळा. बायका रडायच्या. तू आतून "खोटं!" ओरडायचीस आणि मला बरं वाटायचं, कारण त्याचा अर्थ, खरं कुठेतरी आहे आणि ते तुझ्याकडे सुखरूप आहे. आता बेन्नीकडे आहे. त्याला मी विचारणार नाही.

दुसरा एक वाद आपला तसाच राहिला. चढण्या-उतरण्याचा. तू म्हणायचीस, "मुंबईला विमानात चढले, इथं उतरले. मग माझी आलिया कुठली रे? मी तर उतरलेच ना?" मी म्हणायचो, "अगो, तो मनाचा अर्थ आहे. पवित्र भूमी उंच असते." तू म्हणायचीस, "मग हे उखळ कुठल्या भूमीत हाय?" याचं उत्तर मी अजून शोधतोय. सुचलं तरी सांगू कुणाला?

परतीचा चढ मात्र चढच होता, त्यात मनाचा अर्थ काही नाही. ऊन डोक्यावर आलं. पांढरे कडे तापून तव्यासारखे झाले. उखळ पांढरं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यात भाग्य बिग्य काही नव्हतं. एकेक करून पोरांनी सायकली व्हॅनवर टाकल्या. दोन्ही शिक्षिका आत येऊन बसल्या. गिदोन मास्तरांच्या पिंडऱ्यांतले पाव करपले, तेही चालायला लागले. बेन्नीच्या गंजक्या सायकलची चेन तुटली, ती व्हॅनवर आली. मी तुला हाक मारली, "वहिनी, ये बस. संध्याकाळी शब्बाथ यायच्या आत घरी जायचंय, तुझा तांदळाचा स्वयंपाक व्हायचाय!"

तू मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीस. घंटी वाजवलीस. म्हणजे, नाही.

बेन्नी व्हॅनमधून उतरला आणि तुझ्या बाजूने चालायला लागला. तू हात लावू दिला नाहीस. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, तेवढी घेतलीस. आम्ही व्हॅन घेऊन पुढे काठावर गेलो.

आता नीट ऐक. मी सगळ्यांना सांगत आलो की तळापासून काठापर्यंत तुझा पाय एकदाही जमिनीला लागला नाही. शिवाच्या, म्हणजे आपल्या सुतकाच्या सात दिवसांतही हेच सांगायला निघालो होतो. आरसे झाकलेले, खाली गाद्या घातलेल्या, झोहराने आणलेली मसूर आणि उकडलेली अंडी. बेन्नी कॅनडाहून आलेला, फाडलेल्या सदऱ्यात, भिंतीला टेकून. लोक म्हणाले, श्लोमो, सायकलची गोष्ट सांग. मी सुरू केली. रंगात आली. "आणि मंडळी," मी म्हटलं, "त्या संबंध चढावर आमच्या वहिनीचा पाय एकदाही जमिनीला लागला नाही!"

आणि मी थांबलो. सवयीने. स्वयंपाकघराकडे तोंड करून.

आत कोणीतरी पेले धूत होतं. एवढंच. मी थांबून राहिलो. लोक माझ्याकडे बघायला लागले. पुढचं वाक्य मला पाठ होतं, पण त्या शब्दाशिवाय ते पुढे जाईना, जशी घंटी वाजल्याशिवाय बस सुटत नाही.

तेव्हा भिंतीपाशी बसलेला तुझा बेन्नी, ज्याला तू मराठीत विचारलंस तर जन्मभर हिब्रूत उत्तर द्यायचा, खाली मान घालून, स्वच्छ मराठीत म्हणाला,

"खोटं, काका."

मी म्हटलं, "मग तू सांग खरं."

त्याने सांगितलं. आणि मी आता ते कागदावर तसंच उतरवतोय. तू तीनदा उतरलीस. पहिल्यांदा पाणी प्यायला. दुसऱ्यांदा बुटातले कागद निघाले म्हणून. तिसऱ्यांदा शेवटच्या वळणाच्या खाली, कारण पायांनी नाही म्हटलं. तिथे तू बराच वेळ दांड्यावर कपाळ टेकून उभी होतीस. बेन्नी म्हणाला, इमा, पुरे. तू श्वास घेतलास. मग एक पाय पॅडलवर, दुसऱ्या पायाने जमिनीला तीन टणाटण उड्या, कोकणातल्या बाया चढतात तसं, आणि पुन्हा वर. तीन वेळा उतरलीस आणि तीनही वेळा चढलीस. वहिनी, माझ्या सगळ्या खोट्यापेक्षा हे कितीतरी भारी आहे. इतकी वर्षं आतून ओरडून तू हेच सांगत होतीस काय मला?

काठावर सगळे व्हॅनमधून उतरून ओळीने उभे होते. तू शेवटचं वळण घेऊन वर आलीस, तोंड लाल, फडकं गळ्यात, घंटी वाजवत. झोहराने जिभेने ती त्यांच्या लग्नातली किलकारी दिली, अशी की पलीकडच्या कड्यावरून परत आली. पोरं टाळ्या पिटत होती. गिदोन मास्तरांनी टोपी काढली. मी व्हॅनच्या टपावर चढलो आणि आरोळी दिली, "बंधू-भगिनींनो, या बाईने आज दुसऱ्यांदा आलिया केली!" हे मात्र खरं आहे, याला साक्षीदार आहेत.

मग सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू काहीतरी बोलशील म्हणून. बेन्नी समोर उभा होता, हात लोंबकळत, रडायच्या बेतात. तो थांबला असता, वहिनी. त्या क्षणी तू नुसतं 'नको जाऊस' म्हटलं असतंस, तर तो थांबला असता. मला ते दिसत होतं, झोहराला दिसत होतं, आणि तुला तर दिसतच होतं.

पुढल्याच महिन्यात त्याच्या प्रवासासाठी तू मलिदा घातलास, पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं, सगळं रीतसर. तिथे मी पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली, आणि काठावर तू म्हणालीस ते वाक्य म्हणून सांगितलं, "बाळा, उतरलास तरी चालेल, पण चढून परत ये." सगळ्यांनी डोळे पुसले. आतून पहिलं "खोटं!" आलं ते तेव्हा. ते वाक्य माझंच होतं. सुंदर होतं, अजूनही मला आवडतं. पण आता ते आतून कोणी खोडणार नाही, म्हणून मीच खोडतो.

ती सायकल तुझ्या गॅलरीत आहे, वहिनी. मी काल तिला तेल घातलं, काडीने, जास्तीचं चिंधीने टिपून. घंटी अजून वाजते.

तर मंडळी, उखळाच्या काठावर, भर उन्हात, साऱ्या येरुहामच्या साक्षीने, धापा टाकत, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, आमची रिबावहिनी तिच्या लेकाला जे म्हणाली ते अक्षर न बदलता असं :

"जायचं तर जा रे मेल्या, पण सायकल ठेवून जा!"